कोळशाची भूक

कुंभारीच्या रस्त्यावर एक मेकॅनिक फ्रिज दुरुस्त करायचा. ऐन मे महिन्यात आमचा फ्रिज बंद पडला, तेव्हा आईचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळून मी सकाळीच त्याच्या दुकानात गेलो.

"पार्ट यायला चार दिस लागत्यात. तोवर औषध हितं ठेवा की," म्हणत त्याने करवंटीच्या कोळशाचा खडा जिभेला लावला. खडा चिकटला तसा खूश झाला. चिकटला म्हणजे आत बारीक छिद्रं भरपूर.

त्याने बनवलेल्या पेटीत काचेखाली असाच कोळसा होता आणि खाली थर्मोकोलच्या खोक्यात, हवा काढलेल्या नळीने जोडलेलं स्पिरिटचं भांडं. त्याने कॉक उघडला. गार कोळसा स्पिरिटची वाफ ओढू लागला, वाफ होताना उरलेलं स्पिरिट गारठलं आणि बघता बघता भांड्यावर दंव आलं.

"कोळशाचं पोट लई मोठं हाय. पन रिकामं झाल्याबिगर त्याला भूक न्हाय. दुपारचं ऊन वाफ भायेर काढून परत भांड्यात धाडतंय, सकाळी ह्यो पुन्हा उपाशी!"

इन्सुलिनची बाटली त्याने भांड्यापासून चार बोटं लांब ठेवली. गोठली तर वाया जाते, हेही त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. सोलापुरात जन्म गेला माझा, पण ऊन पडू दे म्हणून मी पहिल्यांदाच हात जोडले.