छपरावरचे साहेब

घोडपदेवला चाळीत आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर. कौलं फुटून घरात पाणी गळायचं आणि आमचे नगरसेवक दर पावसाळ्यात "करून देतो" म्हणायचे. शेवटी मी वैतागून त्यांच्याच वाढदिवसाचा उतरवलेला बॅनर ताडपत्री म्हणून छपरावर अंथरला. घाईत छापील बाजू खाली आली. जेवायला बसलो तर कौलांच्या भगदाडातून साहेब हात जोडून, हसत, थेट आमच्या ताटात बघत होते. आईचा घास हातातच राहिला.

"आधी वर जा आणि त्याला उलटा कर," ती म्हणाली. "गळतंय, गळतंय सांगून माझी जीभ झिजली. आता पाऊस तोंडावर पडू दे. बघू किती हसतो."