स्कूटीचं वारं आणि रेवाचं फुफ्फुस

रविवार, १२ तारीख, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. स्थळ, नगरला सावेडीतलं आमचं घर. माझ्या नातीचं बारसं... तिच्या ऑपरेशनमुळे बाराव्या दिवसाऐवजी चौथ्या महिन्यात.

पाळण्याच्या खालून-वरून बाळ देत आम्ही 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत होतो. तेवढ्यात शेवगावहून आलेल्या माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, घरभर बायकांसमोर म्हणाल्या, "आठव्या म्हैन्यापर्यंत स्कूटीवर हिंडत हुती. वारं शिरलं पोटात, तेच लेकराच्या छातीत साठलं. दुसरं काय?"

माझी सून प्राजक्ता एमआयडीसीत नोकरी करते, म्हणून स्कूटी. बाळ पुढे देता देता तिचे हात थांबले... मी पाहिलं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, चूक दिसली की गप्प बसता येत नाही. तिथंच लेक्चर सुरू केलं. कंजेनिटल लोबर एम्फिसीमा, ब्राँकस, कार्टिलेज... बायका इतक्या आदराने ऐकत होत्या, की कुणालाच काही कळत नव्हतं हे उघड होतं.

"विंग्रजीत सांगितलं म्हंजी वारं न्हवतं व्हय गं?" वन्सं म्हणाल्या.

मग प्राजक्ताची आई पुढे आल्या. काष्टीला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, यजमान नसले की दुकान त्याच चालवतात. पुण्यात डॉक्टर समजावत होते तेव्हा मी वहीत लिहून घेत होते. त्या नुसत्या ऐकत होत्या.

"अक्का, ट्यूबचा वॉल्व बघितलाय ना? हवा आत जाती, भाईर येत न्हाई. लेकराच्या श्वासनळीची एक फांदी तशीच, कच्ची. हवा अडकून तेवढाच भाग फुगायचा आन् शेजारच्या फुफ्फुसाला दाबायचा. डाक्टरनी तो भाग काढला. ऱ्हायलेलं फुफ्फुस आता वाढतंय."

"पन ते झालं कशानं?"

"पोटात घडतानाच तसं घडलं. कशानं, ते डाक्टरलाबी ठाव न्हाई. पन आईनं केलेल्या कशानं न्हाई, हे सांगितलंय त्यांनी. तुमी टेम्पोत हुबं राहून बाजार केला आन् चार पोरं काढली. एकाची तरी छाती फुगली का?"

हशा पिकला. वन्संनीसुद्धा तोंडाला पदर लावला. बाळ पाळण्यात गेलं, आत्याने, म्हणजे माझ्या लेकीने, कानात 'रेवा' सांगितलं आणि रेवाने रडून घर डोक्यावर घेतलं.

जेवणं झाल्यावर प्राजक्ता स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "आई, चार महिने मलाही तेच वाटत होतं... मीच काहीतरी केलं म्हणून." आणि रडायला लागली.

मी गारच पडले. सगळे रिपोर्ट मी फाईलला लावले, सोसायटीत प्रत्येकीला आजार समजावून सांगितला, दूधवाल्यालाही सोडलं नाही. तिला मात्र एकदाही सांगितलं नाही. तिला माहीतच असेल, असं धरून चालले...

"तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही." हे मी तिला तीनदा सांगितलं. साध्या मराठीत. त्या दुपारी ती रेवाला कुशीत घेऊन दोन तास झोपली, आणि आम्ही दोघी विहिणींनी आवाज न करता भांडी आवरली. इतकं छान कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. विहीणबाई, तुमचे उपकार मोठे आहेत.

आता वन्सं, तुमच्यासाठी. काल फोनवर तुम्ही मला "चुकलं बाई" म्हणालात. पण बोललात प्राजक्ताला, तेही चारचौघींत. तेव्हा येत्या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत फॅमिली ग्रुपवर, तिच्या नावाने, पूर्ण वाक्यांत लेखी उत्तर हवं. नुसते जोडलेले हात पाठवलेत तर ते उत्तर धरलं जाणार नाही.