न तोललेली गदा

परतूरच्या ठाण्यातली ती सकाळ इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. निजामाच्या राज्याची ती शेवटशेवटची वर्षं. मी तिथे नवा अमीन होतो, म्हणजे आताच्या भाषेत फौजदार. हजेरी झाली होती. गस्तीवरून आलेले जवान पट्टे सैल करून चहा पीत होते आणि मी रोजनामचा चाळत होतो. एवढ्यात बाहेरचे जवान एकदम ताठ उभे राहिले. जिल्ह्याचे पोलीसप्रमुख, म्हणजे आमचे मोहतमीमसाहेब, न सांगता आले की काय, म्हणून मी घाईघाईने टोपी चढवली. दारात पाहतो तर एक माणूस मान वाकवून आत येत होता. आमच्या ठाण्याची चौकट त्याला ठेंगणी पडत होती.

तो त्या भागातला नामांकित पैलवान. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कान चुरगळलेले, उजवा पाय किंचित ओढत चालायचा. हैदराबादच्या एका कुस्तीत गुडघा गेला आणि तिथेच त्याची कुस्ती संपली होती. जवान मात्र अजूनही त्याला पाहून उभे राहत. तसे ते माझ्यासाठी कधी उभे राहिले नाहीत, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

खाली मान घालून तो म्हणाला, "साहेब, माझी गदा गेली."

ही गदा म्हणजे चांदीची. त्याने तरुणपणी उत्तरेकडच्या एका भारी मल्लाला चीत केलं, तेव्हा गावच्या थोरल्या जहागीरदारांनी हत्तीवर बसवून ती त्याच्या खांद्यावर दिली होती. दरवर्षी गावच्या उरुसात पहिली कुस्ती लागण्याआधी पैलवान ती गदा खांद्यावर घेऊन आखाड्याला फेरी मारायचा. थोरले जहागीरदार आता हयात नव्हते. या उरुसाला त्यांचे चिरंजीव हैदराबादहून पहिल्यांदाच येणार होते, आणि उरूस तोंडावर आला होता.

"कोणावर संशय?"

"न्हाई साहेब. कोणावरच न्हाई."

ज्याचं घर फुटलं तो माणूस निदान भावकीतली चार नावं घेतोच. चोरीला गेलेल्या मालाचं वर्णन सांगताना फिर्यादीच्या तोंडी वस्तूची किंमत आपोआप वाढते, हाही माझा अनुभव. हा गडी मात्र किंमत विचारली की गप्प. मला ते खटकलं, पण फिर्याद दाखल करून घेतली आणि जमादाराला घेऊन पंचनाम्याला गेलो.

गदा त्याच्या तालमीतल्या लोखंडी पेटीत असायची. पेटी शाबूत, कुलूप शाबूत. किल्ल्या दोन. एक पैलवानाच्या कमरेला, दुसरी तालमीतच राहणाऱ्या म्हाताऱ्या मालिशवाल्याकडे. त्याला सगळे चाचा म्हणत. पैलवान पोरसवदा होता तेव्हापासून चाचा त्याचं अंग रगडत आला होता. आमच्या जमादाराला एवढं पुरेसं होतं. दोन किल्ल्या, त्यातली एक मालकाची, म्हणजे चोर उरला कोण? पैलवान पेटी दाखवून घरी गेला होता. मी तालीम पाहत होतो तोवर जमादाराने चाचाच्या हातात बेड्या अडकवल्याही.

तालमीत आता कोणी येत नव्हतं. कुस्तीच्या हौद्यातली माती तेल आणि ताक घालून रोज मऊ करावी लागते. इथली माती खळ्यासारखी टणक झाली होती. फक्त एका कोपऱ्यात ती भुसभुशीत होती. चाचा सवयीने खणत असेल, असं मला वाटलं आणि मी पुढे गेलो.

चाचाला ठाण्यात आणलं. जमादाराने दरडावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. चाचाचं उत्तर एकच होतं.

"किल्ली माझ्याकडं व्हती, ते खरं हाये. मी काढली न्हाई, तेबी खरं हाये. आता तुमाला काय लिहायचं ते लिवा."

जमादार त्याला चालान करायला, म्हणजे कोर्टापुढे पाठवायला, उतावीळ झाला होता. मी थांबवलं. खरा चोर उत्तर देता देता विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, त्याला पटतंय का ते बघायला. चाचा मात्र खिडकीतून गावाकडच्या रस्त्याकडे पाहत होता.

खबर मिळाली ती रेल्वे स्टेशनवरच्या टांगेवाल्याकडून. हा आमचा जुना खबऱ्या. त्याला जवानांनी हटकू नये, एवढीच त्याची अपेक्षा असे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर घोड्याला वैरण टाकता टाकता तो म्हणाला, "साहेब, फिर्याद द्यायच्या आठवडाभर आधी पैलवान माझ्याच टांग्यात स्टेशनावर गेल्ते. जालन्याच्या गाडीला."

"मग?"

"मंग काय? सतरंजीत गुंडाळलेलं वझं व्हतं. मी उचलाया गेलो तर म्हणले, ऱ्हाऊ दे. बावीस वर्सं मी पैलवानाला पाहून राह्यलो. सोताचा लोटा सोता धरत न्हाई तो माणूस. मागं चार जणं असायची उचलाया. त्या दिशी बिलकुल एकटा. अन् मला बक्षिसी न्हाई, रामराम न्हाई."

मी पुढच्या गाडीने जालना गाठलं. साध्या कपड्यात सराफ्यात फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या सोनाराने गदेचं नाव काढताच हातातलं काम खाली ठेवलं.

"या, बसा," तो म्हणाला. "कधी तरी कोणी तरी इचारायला येणार, हे मला ठाऊकच व्हतं."

त्याने सगळं सरळ सांगितलं. पैलवान गदा विकायला आला होता. एवढी मोठी वस्तू तोलायची म्हणून सोनाराने आधी मुठीजवळचा सांधा उकलला. आत लाख, आणि लाखेच्या आत बाभळीचं लाकूड. वरून चांदीचा पत्रा, तोही इतका पातळ की नखाने वळावा. वजन भरपूर होतं, पण ते सगळं बाभळीचं.

"मी म्हणलं, पैलवान, यात घेण्यासारखं काई न्हाई. ते बसले ते उठंचनात. मी पाणी देलं. मंग म्हणले, जसं हाये तसं परत बांधून द्या. आन् जाताना माझ्या पाया पडाया लागले. एवढा मोठा मानूस! म्हणले, कोणाला सांगू नका, जहागीरदार मालकाची इज्जत जाईल."

मी परतूरला आलो आणि पैलवानाला बोलावून घेतलं. चौकशीच्या अनेक रीती असतात. मी जालन्याचं काहीच बोललो नाही. त्याला ओसरीवर खुर्ची दिली आणि चाचाला कोठडीतून काढून समोर बसवायला सांगितलं. जमादाराला म्हटलं, "उद्या याला चालान करायचं. कागद तयार ठेवा."

पैलवानाने चाचाच्या हातातल्या बेड्या पाहिल्या. तोवर त्याला वाटत असावं की चाचाला विचारपूस करून सोडतील, काही सापडणार नाही आणि प्रकरण विरून जाईल. आपण चोरी म्हटलं की पोलिसांना चोर लागतोच, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चाचा त्याच्याकडे पाहून हळूच म्हणाला, "वस्ताद, गुडघ्याला तेल लावून राह्यले का न्हाई? थंडी पडून राह्यली. बराबर लावा."

तो अजस्र माणूस खुर्चीवरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. ठाण्यात मी पुष्कळ रडणं पाहिलं आहे, त्यातलं निम्मं खोटं असतं. हे खरं होतं. जमादार आत निघून गेला.

"साहेब, चाचाला सोडा. चोरी झाली न्हाई. मीच ती मातीत पुरली."

मग तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो. दारू नाही, तंबाखू नाही, बाई नाही, जुगार नाही. पैलवान बुडाला की लोक हमखास यातलं काही तरी त्याच्या माथी मारतात. याचं एकच व्यसन होतं, नाही म्हणता न येणं. जिंकायचा तेव्हा चाळीस माणसं तालमीत जेवायची. दूध, तूप, बदाम, सगळ्यांना सारखा खुराक. गुडघा गेला आणि कमाई एका दिवसात थांबली, पण जेवणारे थांबले नाहीत. जमीन विकली, सोन्याचं कडं विकलं, आणि तेही संपलं तशी तालीम ओस पडली.

"तेव्हा हात आखडता घ्यायचा होता," मी म्हणालो.

"कसा घेऊ? गदा व्हती ना, साहेब! मला वाटायचं, एवढी चांदी घरात हाये, जलमभर पुरंल. किराणावाला म्हणायचा, पैलवान, घेऊन जा, तुमची गदा हाये की. सोयरे म्हणायचे, गदा हाये. मीबी तेच म्हणायचो."

"इतक्या वर्षांत एकदा तरी तोलून बघायचं!"

त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे नवलाने पाहिलं. मी काही तरी भलतंच बोललो होतो.

"बक्षीस तोलत न्हाईत, साहेब. तालमीत पहिल्या दिशी शिकवत्यात. तोललं की देणाऱ्यावर अविश्वास झाला."

आता उरुसात ती उकललेली गदा खांद्यावर घेतली असती तर सांधा सगळ्यांना दिसला असता. विकायला काढली म्हटलं तर पैलवानाने मान विकला. खरं सांगितलं तर थोरल्या जहागीरदारांची अब्रू गेली, तीही त्यांच्या मुलादेखत. म्हणून त्याने चोरी सांगितली होती.

तालमीतल्या त्या भुसभुशीत कोपऱ्यातून गदा निघाली. पंचांसमक्ष मुद्देमाल हाती लागला, चोरी झालीच नाही असा अहवाल गेला. खोट्या फिर्यादीबद्दल त्याच्यावर खटला भरता आला असता. मी मोहतमीमसाहेबांना समक्ष भेटून सगळं सांगितलं. त्यांनी खटला न भरण्याच्या कागदावर सही केली.

चाचा सुटला, पण ठाण्यातून सुटलेल्या माणसाला गाव सहजासहजी सुटलेला मानत नाही. गदा मातीत सापडली म्हणजे चाचानेच पुरली, अशी कुजबुज सुरू झाली. त्याला विहिरीवर पाणी भरतानाही लोक टोकू लागले. हे मी पैलवानाच्या कानावर घातलं. काय करावं हे सांगितलं नाही. त्याने नुसती मान हलवली.

उरुसाच्या दिवशी मी बंदोबस्ताला आखाड्यापाशी उभा होतो. धाकटे जहागीरदार खुर्चीवर बसले होते, भोवती माणसांचा समुद्र. हलगी वाजायला लागली आणि पैलवान रिकाम्या खांद्याने, चाचाचा हात धरून आखाड्यात उतरला. हलगी आपोआप थांबली.

"गदा चोरीला गेली न्हाई," तो मोठ्याने म्हणाला. "मी ती इकायला नेल्ती. लाज वाटली म्हणून पुरली अन् खोटं बोललो. चाचाचा काई गुन्हा न्हाई. मालकानं देलेला मान मला सांभाळता आला न्हाई."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग मागून कोणी तरी "थू" म्हणालं. कोणी म्हणालं, पोटासाठी मान विकला. वर्षानुवर्षं त्याचा खुराक खाल्लेले काही जण त्या गर्दीत होते, तेही माना फिरवून उभे राहिले. लाखेचं आणि बाभळीचं तो एका शब्दानेही बोलला नाही. मी जहागीरदारांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि नजर जमिनीवर होती. वडिलांची गदा कशी होती हे त्यांना ठाऊक असावं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. ते खुर्चीवर तसेच बसून राहिले. त्या माणसाने भर आखाड्यात त्यांच्या घराण्याची अब्रू आपल्या अंगावर घेतली, आणि तो पाय ओढत, चाचाच्या आधाराने बाहेर पडला. आयुष्यातली त्याची सगळ्यात मोठी कुस्ती ती होती, आणि ती फक्त दोघा-तिघांनाच कळली.

पुढे तो परतूरच्या कापसाच्या जिनिंगवर राखणदार झाला. चाचा शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिला. आता या हकिकतीतलं कोणीही हयात नाही, म्हणून लिहितो आहे.

नंतरच्या नोकरीत मी आणखी काही खेळाडूंची अशीच दुर्दशा पाहिली. लोक त्यांना उधळे म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या वयात आपण चाकरीला लागतो त्या वयात त्यांची कमाई संपत आलेली असते, आणि टाळ्या वाजवणारा एकही माणूस त्यांना हिशेब शिकवत नाही. मान हीच मालमत्ता, असं आपणच त्यांना सांगतो. ते भोळेपणाने खरं मानतात.

मी निवृत्त झालो तेव्हा गावकऱ्यांनी मला चांदीची तलवार भेट दिली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "उद्या सराफाकडे नेऊन वजन तरी करून आणा." दुसऱ्या दिवशी मी ती धोतरात गुंडाळून निघालो. सराफाच्या पेढीवर बसलो, चहा घेतला, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. समोर तराजू लटकत होता. गुंडाळी मांडीवरच राहिली आणि मी तसाच घरी परत आलो. तलवार अजून भिंतीवर आहे. आत काय आहे, मला माहीत नाही.