मोटरघराची साखळी आणि आमचा डेटाबेस

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. हे सांगायला मला आवडतं. पण चिखलीतल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत मला घेतलं ते नुसत्या पदवीवर नाही. तिथले हिशेबनीस काका आमच्याच उंद्री गावचे, त्यांनी संचालकांकडे शब्द टाकला होता.

कंपनीचं डेटा वेअरहाउस माझ्याकडे आलं. सगळ्या केंद्रांवरची सोयाबीन-तुरीची आवक, ओलावा, भाव तिथे एकत्र साठतात. कोणती माहिती कुठे आणि कोणत्या नावानं ठेवली आहे, हे सांगणारा मेटाडेटाचा डेटाबेस मात्र वेगळा असतो. तो गेला, की माहिती जागेवर असूनही सापडत नाही. आमचा हा डेटाबेस सिस्टिमसोबतच आलेला, लहानसा. एका वेळी एकालाच आत घ्यायचा. त्यामुळे ऑफिसात दिवसभर एकमेकांना "निघ बे आता" चालायचं.

एका संचालकांचं मत होतं, की महागडा डेटाबेस घ्यावा आणि काम पुण्याच्या लोकांना द्यावं. मी फुकट मिळणारा, पण अनेकांना एकदम सांभाळणारा डेटाबेस निवडला. तो बिघडला तर बॅकअपवरून पुन्हा उभा करणं मला येत होतं, आणि ते मी त्यांच्यासमोर करून दाखवलं. ते राजी झाले, पण अट घातली: डेटाबेस सुरक्षित हवा आणि ऑफिसातल्या सगळ्यांना मान्य हवा. नाही जमलं तर पुणं आहेच.

अडलं ते इथंच. आमच्याकडे पासवर्ड एकच, आणि तो सगळ्यांना पाठ. नोकरी सोडून व्यापाऱ्याकडे गेलेल्या माणसालासुद्धा. तो मागणाऱ्याला 'काऊन पाहिजे', म्हणजे कशाला हवा, असं विचारणं आमच्याकडे अपमान समजतात. मी प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि कामापुरतीच परवानगी द्यायचं ठरवलं. काकांना फक्त वाचायची मुभा होती, बदल करायची नाही.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मले चोर समजून राह्यली का तू?"

ज्यांच्या शब्दावर मी त्या खुर्चीत बसले होते, त्यांनाच मी दुखावलं होतं. आणि ते नाही म्हणाले असते तर बाकी कोणीही हो म्हणालं नसतं.

मला आमची सामाईक विहीर आठवली. तिच्या मोटरघराच्या साखळीत प्रत्येक वाटेकऱ्याचं कुलूप दुसऱ्याच्या कुलपात अडकवलेलं असतं. कोणीही आपलं उघडलं की दार उघडतं.

"काका, तुमच्या मोटरघरालेही साखळीच आहे ना? भावाची चावी हरवली तर तुम्ही काय करता?"

"त्याचं कुलूप बदलतो."

"तुमचं?"

"माझं काऊन बदलू?"

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं. ते हसले नाहीत, पण चष्मा परत घातला. "अन् वाचायचं तेवढंच?"

मी म्हणाले, की बदल फक्त वेअरहाउसचा प्रोग्राम करेल. काही बिघडलं तर तुमच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही.

"मंग माझी चावी मीच ठरवतो," असं म्हणून त्यांनी कीबोर्ड ओढला. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. बराच वेळ एकेका बोटाचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी डेटाबेस एकदम उघडला आणि कोणी कोणाला उठवलं नाही. दुपारी आवक पाहणाऱ्या कारकुनानं सवयीनं काकांना पासवर्ड विचारला.

"तुले तुझं कुलूप देलं ना बे," काका म्हणाले, आणि मान वर न करता वाचत राहिले.