बशी म्हणजे आजी

हॉटेलात चहा संपला की आमचे शूटिंगवाले दोस्त बशी टेबलावर पालथी घालत आणि म्हणत, "ही आजी. माचिस म्हंजे कॅमेरा. मिठाचा डबा म्हंजे तुम्ही. बराबर?"

मिठाच्या डब्याशी माझं साम्य आजवर कुणाला दिसलं नव्हतं, पण मी मान डोलवायचो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कुंभार पिंपळगावात मी शाळेत शिकवायचो आणि ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. नवरानवरीला तीन-तीनदा हार घालायला लावणारा असा एक शूटिंगवाला तुमच्याही गावात असेल. आमचे दोस्त तसलेच.

शाळेच्या स्नेहसंमेलनात दाखवायला गावच्या म्हाताऱ्या सुईणीची, म्हणजे आजीची, मुलाखत घ्यायचं ठरलं. माझे निम्मे विद्यार्थी तिच्या हातचे, आणि हे शूटिंगवालेही.

"सर, आजीचा एकबी धड फोटो न्हाई," ते म्हणाले. "फोटोवाला दिसला की पदर नाकापर्यंत येतो. ह्या टायमाला तोंड आलंच पाह्यजे."

म्हणून आठ दिवस बशी टेबलावर फिरत राहिली. पहिला शॉट दारातून, दुसरा आजीच्या हातांचा, तिसरा अगदी जवळून चेहऱ्याचा. हॉटेलवाला बशी मागून मागून थकला.

मुलाखतीच्या दिवशी पाहतो तर ओसरीवर गुलाबी पटका बांधून आजीचे भासरे, म्हणजे थोरले दीर, आमच्या आधी हजर. थोरल्या दिरापुढं तोंड उघडं टाकायचं नाही, हा रिवाज आजीनं जन्मभर पाळलेला. पदर थेट हनुवटीपर्यंत आला. मी विचारलं, "आजी, पहिलं बाळंतपण कुठलं?" पदराआडून नुसतं "हूं" आलं. घर त्यांचं, वय ऐंशीच्या पुढं. त्यांना ऊठ म्हणायची कुणाची छाती?

शूटिंगवाल्यांनी जरा वेळ डोकं खाजवलं. मग उजेड पाडायला आणलेला थर्माकोलचा मोठा पांढरा तक्ता म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"आबा, सगळा उजेड तुमच्या हाती. बराबर तोंडापुढं धरा. बिलकुल हलायचं न्हाई."

आबा खूष. तक्त्याआड पटक्याचं टोकही दिसेना. आजीनं एकदा तिकडं पाहिलं, आणि पदर मागं सरकला. मग जी बोलायला लागली! मध्येच थर्माकोल बोलला, "ते पोरगं सोमवारी न्हाई, मंगळवारी झाल्तं!" आजी खळखळून हसली. ते हसू, तो चेहरा, सगळं कॅमेऱ्यात आलं. कॅमेऱ्यामागं यांचे डोळे भरलेले मी पाहिले.

आता फक्त प्रश्न विचारतानाचा माझा चेहरा घ्यायचा होता, आजीच्या खांद्यामागून. तेवढ्यात एका बाळंतिणीचं बोलावणं आलं आणि आजी निघून गेली.

"आता हो?" मी म्हणालो.

त्यांनी कॅमेरा स्टँडवर लावून चालू केला, दोरीवरचं आजीचं हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि कॅमेऱ्याकडं पाठ करून माझ्यापुढं बसले. "हं, विचारा."

"आजी, पहिलं बाळंतपण कुठलं?"

"तुमचंच, सर. लई रडत व्हते."

पुढचे प्रश्न मी कसे विचारले, ते माझं मला माहीत.

मागल्या वर्षी आमचे शूटिंगवाले गेले. त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, घरातल्या सगळ्या कॅसेटी लावून पाहिल्या. "गावभरची लग्नं हायेत," त्या मला म्हणाल्या. "हे कुठंच न्हाईत. फोटो हाय भिंतीवर, पण हलताबोलता माणूस न्हाई सर."

मी माझ्याकडची कॅसेट घेऊन गेलो. तक्त्याच्या उजेडात आजी हसली, मुलाखत संपली. मग मी दिसलो, हसू दाबून प्रश्न विचारणारा, आणि माझ्यापुढं हिरव्या लुगड्यातली एक पाठ. कॅसेट शाळेत दाखवलेलीच; यांचा आवाज आम्ही तेव्हा काढून टाकला होता.

"वहिनी, हे बघा."

वहिनी उठून टीव्हीजवळ गेल्या. लुगड्यातले खांदे गदगदा हलत होते. त्यांनी काचेवर हात ठेवला.

"हसून राह्यलेत," त्या म्हणाल्या. "सर, मागं घ्या. परत लावा."