दोघांत एक लॉक

आम्ही स्वस्तात घेतलेलं सॉफ्टवेअर मला किती महाग पडलं, हे कुरखेड्यात फारसं कोणाला माहीत नाही. लोक म्हणतात भागीदारी मोडली. मोडायला आधी ती असावी लागते.

तो आणि मी ब्रह्मपुरीला सोबत इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. वयानं माझ्याएवढाच, पण मला बाई म्हणायचा, इकडं मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. पुढं कुरखेड्याला आम्ही टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. जेवायला तो आमच्याच घरी असायचा. माझी आई आधी त्याला वाढायची आणि मग मला.

धानाच्या शेतावरच्या मोटरपंपासाठी मी एक ऑटो तयार केला होता. लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हायची आणि व्होल्टेज पडलं की बंद. आमच्याकडं लाइनचा काही नेम नसायचा, आणि ती आल्यावर बटण दाबायला अस्वलाच्या वाटेनं जायची हौस कोणालाच नव्हती. त्यामुळं लोक ऑटो मागू लागले. त्यातला सर्किट बोर्ड मी हातानं करायची: तांब्याचा थर असलेल्या फायबरच्या तुकड्यावर बारीक ब्रशनं ऑइलपेंटच्या रेषा ओढायच्या आणि उरलेलं तांबं केमिकलमध्ये विरघळू द्यायचं. मागणी वाढली तशी हातानं भागेना. जुना कॉम्प्युटर घेतलाच होता, आता बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर पाहिजे होतं.

मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्या ऐपतीबाहेरचं. नागपुरात चोरीच्या सीडी मिळायच्या, पण त्यांत व्हायरस. तिसरं होतं फुकटचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकासोबत त्याची सीडी आली होती. त्यात लहानच बोर्ड आखता यायचा, पण माझा बोर्ड पोस्टकार्डापेक्षा लहान होता. मी म्हटलं, हेच घेऊ. त्यानं मात्र चौथंच शोधून आणलं. किंमत परवडणारी, पण सोबत काडेपेटीएवढं एक लॉक यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागं लावलं तरच फाईल उघडायची.

मी कुरकुरले तर तो म्हणाला, "फुकटच्या वस्तूले वाली नसते, बाई. उद्या बंद पडली त कोणाले पुसशीन?"

मला ते पटलं. पैसे दोघांचे गेले. बिल त्याच्या नावानं झालं, कारण घ्यायला तो गेला होता. लॉक आई तिच्या डब्यात ठेवायची, मंगळसूत्राशेजारी.

मी बोर्ड आखला. एक गोष्ट मुद्दाम केली. ब्रह्मपुरीच्या दुकानात जो कंडेन्सर मिळायचा, तो जाडा, त्याचे दोन पाय एकमेकांपासून लांब. नागपूरचा बारीक. म्हणून मी बारक्यासाठी दोन भोकं ठेवली आणि त्यांच्या बाहेर जाड्यासाठी आणखी दोन, म्हणजे कंडेन्सर जळला तर माणसाला नागपूर गाठायला नको. तो हसला होता, एवढा विचार कोण करते म्हणाला.

आमच्या प्रिंटरवर बारीक रेषा तुटायच्या. चांगली प्रिंट नागपूरला निघते, म्हणून तो फ्लॉपी आणि लॉक घेऊन गेला. आईनंच डब्यातून काढून दिलं, वर वाटेसाठी भाकरी बांधून दिली. तो परत आला नाही. दोनदा फोन लागला, दोन्ही वेळा येतो म्हणाला. मग फोनही लागेना. माझा बोर्ड माझ्याच कॉम्प्युटरमध्ये होता आणि मलाच उघडत नव्हता. कंपनीला विचारलं, तर बिल ज्याच्या नावावर त्यालाच दुसरं लॉक मिळेल म्हणाले.

मग मी ती फुकटची सीडी काढली आणि सगळं पहिल्यापासून आखलं. बोर्ड आरामात बसला, वर जागा उरली. तेव्हा मला कळलं की त्याला सॉफ्टवेअर नको होतं, लॉक पाहिजे होतं. इतका संताप आला की मी माउस भिंतीवर फेकला. आई एवढंच म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा." तिनं त्यानंतर त्याचं ताट कधी काढलं नाही, पण मला वाढायच्या आधी जरा थांबायची तिची सवय काही गेली नाही.

माझे बोर्ड तयार होईपर्यंत वडसा, ब्रह्मपुरी, सगळीकडं त्याचा ऑटो विकला जाऊ लागला होता. रंगीत डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत त्याचं आडनाव.

एक दिवस एक शेतकरी भाऊ तसाच डबा घेऊन दुकानात आले. मोटर सुरूच होत नव्हती. मी डबा उघडला. बारका कंडेन्सर जळून फुगला होता, आणि त्याच्या बाहेर माझी दोन भोकं रिकामी होती. नागपुरात बोर्ड बनवणाऱ्याला त्या भोकांचं काही काम नव्हतं. ती काय आहेत हे त्याला माहीत होतं, तरी तशीच ठेवली होती, पुसायचीही तसदी घेतली नव्हती. 

ब्रह्मपुरीचा जाडा कंडेन्सर मी त्या भोकांत बसवला. बरोब्बर बसला. लाइन दिली तर ऑटो चालला.

नागपूरला न जाता ब्रह्मपुरीच्याच मालावर काम झालं म्हणून भाऊ खूश झाले. म्हणाले, ज्यानं कोणी बनवला त्याला आपल्याकडची कदर आहे. मला राहवलं नाही. मी सांगितलं की हा मीच बनवला.

त्यांनी डबा फिरवून झाकणावरचं आडनाव वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"मंग बाई, याच्यावर तुमचं नाव काऊन नाई?"

मी डब्याचे स्क्रू आवळत राहिले.