व्याह्यांच्या शेतावरची शिकार

हा किस्सा सांगायचा तर आधी कबूल करायला हवं, की मी व्याह्यांशी खोटं बोललो होतो. तेही पहिल्याच भेटीत. चहा घ्या, निवांत सांगतो. फक्त आमच्या लेकीसमोर, ऋचासमोर, हा विषय काढू नका. ती अजून हसते आणि मग तिला आवरत नाही.

तर ऋचाचं लग्न इथनशी ठरलं. त्याचे वडील डग, म्हणजे आमचे होणारे व्याही, अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावापासून दोन तासांवर शेती करतात. माणूस उंचापुरा आणि बोलायला एकदम मोजका. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा काय काय बोलायचं याची मी आठवडाभर तयारी केली होती. त्यातलं काहीही कामाला आलं नाही. पोळी वाढता वाढता मी विचारलं, "शेतीशिवाय काय करता?"

"शिकार," डग म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमच्याकडे करतात का?"

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? समोर मुलीचा सासरा. मी यवतमाळकडच्या खेड्यातला, घरी चार शेळ्या. पण 'आम्ही शेळ्या राखायचो' हे काही तोंडातून निघेना. म्हणालो, "आमच्या घरात पिढीजात आहे."

टेबलाखालून बायकोने माझा पाय दाबला. माझ्या हातून आजवर झुरळसुद्धा धड मेलेलं नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

झालं. ऑक्टोबरात डगचा फोन, एव्हाना आम्ही अरे-तुरेवर आलो होतो. "कायोटीने महिन्याभरात माझी तीन करडं नेली. चौतीस शेळ्या उरल्यात. शनिवारी सकाळी ये, तुझा अनुभव कामाला येईल."

व्याह्यांनी मदतीला बोलवावं आणि आपण नाही म्हणावं, असं कुठे असतं का? ऋचा म्हणाली, "बाबा, प्लीज, जस्ट टेल हिम." मी म्हटलं, "आता वेळ गेली." सासरी तिच्या बापाला खोटारडा म्हणतील, या धास्तीने मी रात्री नीट जेवलोही नाही.

कायोटी म्हणजे कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असा एक प्राणी. महाडँबीस. त्याच्या मागे धावून उपयोग नसतो, त्याला बोलवावं लागतं. त्यासाठी डगकडे एक पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी, पुढे कर्णा लावलेला. रिमोटवर आवाजांची यादी : जखमी ससा, उंदीर, बॉबकॅट म्हणजे तिथलं आखूड शेपटीचं रानमांजर, रडणारं करडू. बटण दाबायचं, पेटी ओरडते, आणि आयती शिकार मिळेल म्हणून कायोटी येतो.

डगने पेटी पन्नासेक पावलांवर गवतात ठेवली. आम्ही दोघं वारा तोंडावर घेऊन झुडपामागे बसलो. बंदूक त्याच्याकडे, रिमोट माझ्याकडे.

"हलायचं नाही, बोलायचं नाही," तो कुजबुजला. "तुला काय सांगायचं म्हणा."

मी अनुभवी माणसासारखी मान हलवली. ससा लावला. काही नाही. बॉबकॅट लावला. काही नाही. थंडीने गुडघे आखडले. मग डगने खूण केली आणि मी करडू लावलं.

आणि काय झालं सांगू, तो आवाज ऐकला आणि मी थेट आमच्या अंगणात गेलो. संध्याकाळी करडू असं कुठे ओरडलं, की आई भाकरी तव्यावर टाकून बाहेर धावायची आणि वेशीपर्यंत जाईल अशी हाक द्यायची, "चांदे येऽ, बाळे येऽ, हिर्र्र या या याऽऽ!" शेळ्या जिथे असतील तिथून घराकडे पळत सुटायच्या. मला वेगळी हाक नव्हती. शेळ्यांच्या हाकेवर मीही यायचो. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

नेमका तेव्हाच कायोटी आला. झाडीतून मान बाहेर काढून, दबकत, सरळ त्या आवाजाकडे. डगने हळूच बंदूक उचलली.

आता, ते करडू पेटीतलं आहे हे मला माहीत होतं. बटण मीच दाबलं होतं. पण कोल्हा करडाकडे निघालाय आणि आपण बसून बघतोय, हे आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. मी ताडकन उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "चांदे येऽ, बाळे येऽ, हिर्र्र या या याऽऽ!"

कायोटी जो पळाला, तो बहुतेक कॅनडात जाऊन थांबला असेल. पण मागून धडधड ऐकू आली. वळून बघतो तर डगच्या शेळ्या कुंपणाचं फाटक ढकलून उतारावरून येत होत्या. सगळ्या. मराठी कुठून शिकल्या कोण जाणे. पाच मिनिटांत मी मधोमध उभा, एक माझ्या जॅकेटची बाही चघळतेय, दुसरी रिमोट हुंगतेय.

डगने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि ती खाली ठेवली.

"तुझ्या घरात शिकारी कोण होतं म्हणालास?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "चार शेळ्या होत्या. आई त्यांना अशी बोलवायची. मला सांगायला लाज वाटली."

"चौतीस शेळ्यांच्या मालकाला?" डग म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. मग खिशातून फोन काढून म्हणाला, "पुन्हा ओरड."

ती हाक त्याने पेटीत भरली. आता यादीत बॉबकॅटच्या खाली 'प्रकाश', म्हणजे मी आहे. रोज संध्याकाळी ते बटण दाबलं की शेळ्या गोठ्यात येतात आणि कायोटी त्या बाजूला फिरकत नाही. ऋचाचं इथनशी लग्न यथासांग झालं. खोटारडा म्हणून नाही, पण शेळ्या बोलावणारा म्हणून माझी ओळख सगळ्या पाहुण्यांत व्हायची ती झालीच.

इतकं होऊन किस्सा संपायला हवा होता. पण गेल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मी स्वयंपाकघरात भजी तळत होतो. बाहेर अंधारून आलं होतं आणि शेतातून हाक आली, "चांदे येऽ, बाळे येऽ..." माझाच आवाज, पण लांबून थेट आईसारखा. पुढचं मला कळलंच नाही. हातात झारा, पायात नुसते मोजे, "आलो, आलो" म्हणत मी फाटकापर्यंत धावलो.

डग तिथे उभा राहून रोजच्यासारखी मोजणी करत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पस्तीस."